शालूची जबानी

जुनवानी मार्ग, भिलाई
दि. २४ सप्टेंबर १९८९

डॉ. सौ. वसुंधरा यांस,

हे पत्र मी येथील बालसदनाचा मानद कार्यवाह या नात्याने लिहीत आहे. त्यातून दुसरा कोणताही अर्थ काढू नये. सात वर्षांत मी आपणांस एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिण्यावाचून भागले असते तर लिहिली नसती.

आमच्या सदनात नलू कापगते नावाची बाई मुलींची देखभाल करते. भंडाऱ्याकडचे शेतकरी घराणे, वडील येथील पोलाद प्लांटमध्ये कामगार. ही बाई नागपूरला जाण्यासाठी आठवड्याची रजा मागत आहे. तिचे म्हणणे असे, की आपण तेथील रुग्णालयात बालगृहांच्या कर्मचाऱ्यांसाठी वर्ग घेता; आणि आईच्या पोटात असतानाच ज्यांना मद्याचा अपाय झाला, अशी मुले कशी ओळखावीत व कशी सांभाळावीत, हे त्यात शिकविले जाते. असा वर्ग खरोखर भरतो काय? की ‘डॉक्टरीणबाई तुमच्याच कन्या ना जी’ असे म्हणून माझ्या भिडस्तपणाचा फायदा घेण्याचा हा डाव आहे? मी भिडस्त नाही, हे आपणांस ठाऊक आहे.

शंकेचे कारण सांगतो. सदनात सध्या भुलाबाई बसल्या आहेत. रोज संध्याकाळी मातीच्या मूर्तींपुढे मुली गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. हे आपण लहानपणी पुष्कळ केले आहे. यंदा आमच्या अध्यक्षा कलावतीबाई यांनी आपल्या सासूबाईंची मोत्यांची नथ भुलाबाईला घातली होती. गुरुवारी ती नाहीशी झाली, आणि शुक्रवारी नलूने रजेचा अर्ज दिला. योगायोगावर माझा विश्वास नाही.

चौकशी मी स्वतः केली. हथखोजच्या कारखान्यात कर्मचारी विभागात ज्या रीतीने करीत असे, त्याच रीतीने: आरोप वाचून दाखविणे, प्रश्न, उत्तर, खाली सही किंवा अंगठा. सदनात शालू नावाची दहाएक वर्षांची मुलगी आहे. मूर्तीजवळ तिला पाहिल्याचे दोघींनी सांगितले. तिची जबानी तिच्याच शब्दांत उतरवीत आहे.

‘नथ तू घेतलीस?’ उत्तर नाही.
‘घेतलीस ना?’
‘हो जी.’
‘उशीखाली ठेवलीस?’
‘हो.’
‘उशीखाली नाही ती. मग बाहेरच्या कोणाला दिलीस?’
‘बाहेरच्याले देली.’
‘आईला?’
‘मायले देली. मायनं लाल लुगड्यात बांधली अन् घेऊन गेली.’

मुलीची आई मनकर्णा हथखोजला ठेकेदाराकडे गिट्टी, म्हणजे खडी, वाहते आणि दर रविवारी भेटीस येते. लाल लुगड्याचा तपशील मी मुलीच्या तोंडात घातलेला नाही. कल्पित गोष्टीत लुगड्याचा रंग येत नसतो.

कार्यकारिणीचे मत असे, की शालूला जबलपूरच्या सरकारी कन्यागृहात पाठवावे. दिवाळीनंतरच्या सभेत ठराव होईल. नलू मात्र म्हणते, ‘ते चोरी नाई जी, तिचं डोकंच तसं आहे.’ मुलीची बाजू ती इतक्या हिरिरीने का घेते, हे मला कळले पाहिजे. वर्ग खरा की खोटा, एवढेच कळवावे.

श्यामराव देवपुजारी


दि. ६ ऑक्टोबर १९८९

वसुंधरा हीस,

तुझे पत्र पोहोचले. मागच्या पत्रातील ‘आपण’ तुला बोचले असे लिहितेस. ते बोचण्यासाठी नव्हते, पदाला धरून होते. असो.

वर्ग खरा आहे तर. नलूला रजा दिली. ती काल गेली. तिच्या अनुपस्थितीत मी कोठीची झडती घेतली. तांदूळ, गूळ, साबण, सगळे जागच्या जागी आहे. यावरून ती निर्दोष ठरते असे नव्हे.

तू शालूच्या चेहऱ्याविषयी विचारले आहेस, म्हणून नीट पाहिले. वरचा ओठ पातळ आहे. नाक आणि ओठ यांच्यामध्ये सर्वांना असते ती खळ जवळजवळ नाही. डोळे लहान. वयाच्या मानाने ती फारच लहानखुरी दिसते. तू लिहितेस, की एवढ्यावरून निदान करता येत नाही. जन्माआधीचे सर्व कळायला हवे, आणि तरीही पुष्कळदा ‘असावे’ एवढेच म्हणता येते. ‘असावे’ या शब्दावर मी आयुष्यात एकही कागद पुढे सरकविला नाही.

मात्र त्याच पत्रात तू माझ्या प्रश्नांची संपूर्ण नक्कल मागितली आहेस. मुलीच्या प्रकृतीपेक्षा माझ्या चौकशीत तुला रस अधिक आहे, आणि त्याचे कारण मी जाणतो. तुझ्या यजमानांच्या प्रकरणाचा येथे काडीचाही संबंध नाही. कारखान्यातील चोरीच्या चौकशीत केवलराम यांनी दिलेल्या कबुलीवर त्यांची सही होती. तांब्याची तार मिळाली नाही, हे खरे. परंतु कबुली मिळाली होती. त्यानंतर तू त्यांच्याशीच लग्न केलेस, ते केलेस. त्यावर मी लिहिणार नाही.

रविवारी मनकर्णा आली. मी तिला कचेरीत बसविले. ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यात उकिडवी बसली.

‘तुझ्याकडे लाल लुगडे आहे काय?’ मी विचारले.

ती हसली. ‘लाल? साहेब, दोनच हाय मायापाशी. एक हे अंगावरचं अन् एक वाळू घातलेलं. दोनी हिरवे. ठेकेदारानं गेल्या दिवाळीले साऱ्या बायायले एकाच गठ्ठ्यातून देले. आमी रांगेत उभ्या राहिलो का झाडायची नर्सरीच दिसते.’

लाल लुगडे तिने विकले असेल किंवा लपविले असेल. पण हसणे खोटे वाटले नाही, हेही नमूद करतो.

नंतर तू सांगितलेले विचारले. शालूच्या वेळी पीत होतीस काय? ती जराही बिचकली नाही.

‘मोहाची? घेत होती ना मी. डोक्यावर गिट्टीचं घमेलं अन् पोटात पोर. सुईन म्हने, सांजच्याले घेत जाय, कंबर हलकी होते, पोर सटकन बाहेर येते. मी काय मजा म्हनून घेतली का? हिच्यासाठीच तर घेतली. कावून जी, काय झालं?’

त्यावर मी तिला काही बोललो. ते चौकशीचा भाग नव्हते, म्हणून येथे उतरवीत नाही. ती उठली. मुलीला भेटायचीच राहिली आणि निघून गेली. शालू दिवे लागेपर्यंत फाटकाशी उभी होती.

तुझ्या दुसऱ्या पत्रात तू लिहिले आहेस, की आईला दोष देऊ नये. दोष दिला की ती येणे बंद करते, आणि मुलाचे उरलेले एक माणूस तुटते. ते पत्र मला त्यानंतर, मंगळवारी मिळाले.

श्यामराव


दि. १७ ऑक्टोबर १९८९

वसुंधरा हीस,

एक गोष्ट घडली आहे. ती तुला कळविण्यात माझा काहीही लाभ नाही, हे आधी लक्षात घे.

शनिवारी कोजागिरी झाली. भुलाबाईचा शेवटचा दिवस, म्हणून दूध होते आणि खाऊही अनेक घरचा होता. कलावतीबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या. मुली एकेक नाव सांगू लागल्या: लाडू, शेव, करंजी, चिवडा. कलावतीबाई ‘नाही गं, नाही गं’ म्हणत होत्या. मी खुर्चीवर मागे बसलो होतो. सगळ्या मुलींचे डोळे डब्यावर होते. एकटी शालू कलावतीबाईंच्या तोंडाकडे पाहत होती.

‘चिवडा,’ ती म्हणाली.

‘अगं बावळे, चिवडा झाला ना आत्ता!’ तारा नावाची मोठी मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

कलावतीबाईंना गंमत वाटली. ‘बरं, शालू सांगेल. आंबट आहे का?’

‘आंबट,’ शालू म्हणाली. कलावतीबाईंनी भुवया चढविल्या. ‘नाई, नाई, गोड.’ भुवया खाली आल्या. ‘गोड हाय.’

‘तळलेलं का गं?’ असे विचारताना बाईंचे ओठ हसण्यासाठी हलले, तेवढ्यात शालूने ‘तळलेलं’ म्हणून टाकले. चारपाच प्रश्नांत ती अनारशापर्यंत पोहोचली. टाळ्या पडल्या. पोरगी हुशार झाली, असे कोणी म्हणाले. तिला अनारसा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ते नाव बाईंनीच अर्धे उच्चारले होते.

माझे दूध प्यायचे राहून गेले.

रविवारी सकाळी मी तिला कचेरीत बोलाविले. भिंतीवर आमचे घड्याळ आहे. ते चालू होते, त्याची टिकटिक दोघांनाही ऐकू येत होती. मी पूर्वीच्याच सुरात, कागद समोर घेऊन विचारले, ‘हे घड्याळ तू फोडलेस ना?’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी चेहरा कठोर ठेवला.

‘हो जी.’
‘कशाने?’
‘दगडानं.’
‘काचा खाली पडल्या?’
‘हो. लय पडल्या.’
‘कोणी उचलल्या?’
‘मायनं. लाल लुगड्यात बांधल्या अन् घेऊन गेली.’

मी तिला बाहेर पाठविले आणि उठून घड्याळ जवळून पाहिले. त्याच्या काचेला चरादेखील नाही.

आता माझ्या मनात काय आले तेही लिहितो, कारण तुला ते ओळखता येईलच. मला वाटले, हा सापळा आहे. नलूने वर्गाला जाण्यापूर्वी मुलीला पढविले असावे. प्रत्येक प्रश्नाला हो म्हण, म्हातारा आपोआप फसेल. आणि नलूला तू पढविले असावेस. हा तर्क मी दोन दिवस तपासला. त्यात एकच अडचण आहे. मी घड्याळाविषयी विचारणार, हे मलाही आदल्या दिवशी माहीत नव्हते.

तिने नथ घेतलीच नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. घेतली असेलही. परंतु तिच्या जबानीवरून काहीच सिद्ध होत नाही, एवढे सिद्ध झाले.

तुझे वडील,
श्यामराव


दि. ६ नोव्हेंबर १९८९

चि. वसुंधरा हीस,

कालच्या सभेत मी ठराव पुढे ढकलण्याची सूचना मांडली. कलावतीबाई संतापल्या. ‘देवपुजारी, नथ माझ्या सासूबाईंची होती. चौकशी तुम्हीच केली, अंगठा तुम्हीच घेतला, अन् आता म्हणता थांबा?’ मी कारण दिले नाही. घड्याळाची हकीकत सांगितली असती, तर पहिल्या जबानीचे काय, असा प्रश्न निघाला असता. पुढील सभा २६ तारखेस आहे.

नलू परतल्यापासून सदनात तुझेच राज्य आहे. पूर्वी ती मुलींना ओरडून सांगे, ‘उठा, तोंडं धुवा, वेण्या घाला, ताटं घेऊन बसा.’ बाकीच्या मुली ते करीत, आणि शालू नळाशी ओला हात घेऊन उभी राही. मग तिला आळशी म्हणत. मीही म्हटले आहे. आता नलू तिला एकच सांगते, ‘शालू, तोंड धू.’ ते झाले की दुसरे. कंगवा एकाच खिळ्याला. ताट एकाच जागी. ‘का केलंस’ हा प्रश्न बंद. चुकले तर भाषण न देता, हात धरून पुन्हा करून दाखवायचे.

मला वाटले, ही तिची कामे स्वतःच करून टाकत असावी आणि सुधारणा झाली म्हणून मिरवत असावी. म्हणून मी दोनतीनदा मागच्या खिडकीतून पाहिले. तिसऱ्यांदा ती आतूनच ओरडली, ‘साहेब, खिडकीतून कावून पाहून राहिले जी? आत या ना. चहा टाकला आहे, तुमच्यासारखाच कडू.’

आत गेलो. शालूने ताटे मांडली होती. एक वाकडे होते. मी सरळ करायला वाकलो, तर नलूने माझा हात धरला. कार्यवाहाचा हात! ‘राहू द्या. तिनं मांडलं आहे.’

मनकर्णालाही नलूच घेऊन आली. मला विचारले नाही. मी कचेरीचे दार लावून आत बसलो, म्हणजे त्या बाईला उंबऱ्यावरून जाताना माझे तोंड दिसू नये. तिने शालूच्या वेण्या घातल्या. दाराआडून ऐकू येत होते. ती विचारत होती, ‘नलूबाई, खरं सांगा, माया पिण्यानं झालं का हे?’ नलू म्हणाली, ‘तुले कोनी सांगितलं नव्हतं ना? मग. आता पुढचं पाहू आपण.’ हे उत्तर तू शिकविलेले की तिचे स्वतःचे, हे मी ठरवू शकलो नाही.

दुपारी मी शालूला अक्षरे शिकवू लागलो आहे. काल शिकविलेले ‘म’ आज तिला ठाऊक नसते आणि परवा अचानक येते. मी रागावत नाही. रागावलो तर ती माझ्या चेहऱ्यावरून दुसरेच अक्षर शोधू लागते.

श्यामराव


दि. २२ नोव्हेंबर १९८९

चि. वसुंधरा,

हे पत्र तू एकटीच वाचावेस.

सोमवारी संध्याकाळी शालूच्या दंडावर काळानिळा वळ दिसला. त्या दुपारी ती माझ्याजवळ अक्षरे गिरवीत होती; मला ती आता आजोबा म्हणते. नलूने वळ पाहिला आणि घाबरून एका दमात विचारले, ‘कोनी मारलं? आजोबांनी मारलं का?’

‘हो जी. आजोबांनी छडीनं मारलं.’

स्वयंपाकघरातल्या दोघींनी ते ऐकले. मंगळवारी सकाळी दूधवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि भांड्यात दूध ओतून न बोलता निघून गेला.

माझ्याजवळ छडी नाही. छत्री आहे, ती दाराशी असते. मी तिच्या अंगाला हात लावला नाही. वळ कशाने पडला हे मला माहीत नाही. ती हापशाच्या ओट्यावरून उड्या मारते, तेथे पडली असेल. हे ‘असेल’ मी लिहिले, हे माझ्या ध्यानात आले आहे.

नलू काल घरी आली. रडून डोळे सुजले होते. ‘माझ्याच तोंडून गेलं जी. तिथं मॅडमनं सांगून सांगून ठेवलं होतं, उत्तर आपल्या तोंडून द्यायचं नाई म्हणून. अन् वळ पाह्यला तं पयला प्रश्न तोच निघाला.’

‘मग तू हे सर्वांना सांग,’ मी म्हणालो.

‘सांगितलं ना. म्हणतात, तुले साहेबांनी दमात घेतलं.’ ती दारापर्यंत गेली, आणि वळून हळूच म्हणाली, ‘साहेब, राग नका येऊ देऊ. खरंच नाई ना मारलं?’

मी दार लावून घेतले. नंतर वाटले, तिच्या जागी मी असतो तर हाच प्रश्न विचारला असता, आणि तोही लेखी.

कलावतीबाईंनी मला बोलावून घेतले होते. त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत, उलट समजूत घालत होत्या. ‘तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ती पोर खोटारडीच आहे. नथेबद्दल बोलली, तशी तुमच्याबद्दल बोलली. सभेत एवढंच सांगा, की हिच्या बोलण्यात काही खरं नसतं. तुमचं नाव स्वच्छ होईल, अन् पोर जबलपूरला जाईल.’

‘तिचे बोलणे खरे नसते, तर नथेचा आरोपही जातो,’ मी म्हणालो. ‘मग पाठवायचे कशासाठी?’

‘वा! म्हणजे उद्या ती माझ्या सुनेचं नाव घेईल, परवा माझं. असं मूल कोणी ठेवून घेईल का? नथ राहू द्या बाजूला. जी भल्या माणसांवर आळ घेते, ती मुलगी इथे नको.’

आता माझी अडचण तुला समजली असेल. माझ्यावरचा आळ खोटा ठरविला की शालू जाते. तो खोटा ठरविला नाही, तर ती राहू शकते. मग मी मुलीला मारणारा म्हातारा ठरतो.

मनकर्णा फाटकावर भेटली. ती भांडेल म्हणून मी तयार होतो. तिने हात जोडले. ‘मारलं असंन तं मारलं जी. लेकरू हाय, चुकलं असंन. मी काई बोलत नाई. पन जबलपूरले नका धाडू. तिथं मी कशी जाऊ, कोनाले इचारू?’

मी तिला ‘मी मारले नाही’ असे सांगितले. ती म्हणाली, ‘हो जी.’ शालूचेच ‘हो जी’.

तू येऊन मुलीला तपासावेस आणि माझ्यासाठी चार शब्द बोलावेस, असे लिहिणार होतो. लिहीत नाही. तू आलीस तरी कोणीतरी तिला पुन्हा समोर उभे करील आणि विचारील. ती माझा चेहरा पाहील, तुझा पाहील, कलावतीबाईंचा पाहील, आणि त्यांतल्या सर्वांत कडक चेहऱ्याला हवे ते सांगेल.

श्यामराव


दि. २८ नोव्हेंबर १९८९

चि. वसुंधरा,

रविवारी सभा झाली. खोली भरली होती. सभासद नसलेल्याही पुष्कळ बायका दाराशी उभ्या होत्या. शालूला कोपऱ्यात बाकावर बसविले होते. ती नवीन परकर नेसली होती आणि सगळ्यांकडे पाहून हसत होती. तिला वाटले असावे, काही सण आहे.

कलावतीबाईंनी नथेची जबानी माझ्यासमोर ठेवली. ‘वाचा, देवपुजारी.’

मी वाचली नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, ‘या कागदातले प्रश्न माझे आहेत आणि उत्तरेही माझीच आहेत. मुलीने फक्त ती मला परत दिली. चोरी झाली असेल, पण ती हिने केली असे म्हणण्यास आपल्यापाशी काहीही नाही. चौकशी सदोष होती. तो दोष चौकशी करणाऱ्याचा, म्हणून हा माझा राजीनामा. तो स्वीकारताना दोन गोष्टी ठरावात लिहाव्यात. शालू येथेच राहील. आणि यापुढे घडलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी तिला कोणीही उलटतपासणीसारखे प्रश्न विचारणार नाही.’

‘आणि मारहाण?’ दारातून एक बाई म्हणाली.

नलू उठू लागली. मी तिच्याकडे पाहिले, ती बसली.

‘देवपुजारी, मारलं का तुम्ही तिला?’ कलावतीबाईंनी विचारले. त्यांचा आवाज उतरला होता. मी नाही म्हणावे अशी त्यांची इच्छा होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट वाचता येत होते.

मी उत्तर दिले नाही. छत्री घेतली आणि बाहेर आलो. बायकांनी वाट दिली, जरा जास्तच रुंद.

ठराव मंजूर झाला. नलू सायंकाळी येऊन सांगून गेली. कार्यवाह बदलला म्हणजे मुलीला धोका उरला नाही, असे सर्वांचे मत पडले, आणि त्यामुळे तिला कोठेही पाठविण्याचे कारण राहिले नाही. मनकर्णा पुढच्या रविवारी येणार आहे. नलूचे काम चालू राहील. तिच्याकडे लक्ष ठेव. ती तापट आहे, घाईने बोलते, आणि तिला तुझ्या वर्गाची पुन्हा एकदा गरज आहे. हे मी तिच्याविरुद्ध लिहीत नाही.

काल सकाळी मी नेहमीप्रमाणे फिरायला निघालो. सदनाच्या कुंपणाजवळ पोहोचलो तोच आतून हाक आली. शालू गजांना धरून उभी होती. ‘आजोबा! आज अक्षर नाई का?’

रस्त्यावर तिघी बायका होत्या. तिघी थांबल्या आणि वळून पाहू लागल्या. मी थांबलो असतो, एक शब्द बोललो असतो, तर मी पुढे गेल्यावर त्यांनी तिला विचारलेच असते: काय म्हणाले गं आजोबा? धमकावलं का? आणि तिने हो म्हटले असते.

मी मान खाली घालून पुढे गेलो. तिने आणखी दोनदा हाक मारली. आज मी पलीकडच्या, रेल्वेकडच्या रस्त्याने गेलो. तो लांब पडतो आणि त्यावर सावली नाही. यापुढे तोच.

मी त्या मुलीवर हात उगारला नाही, वसुंधरा. याला साक्षीदार नाही आणि मी तो शोधणारही नाही. तुला खरे वाटले तर कळव. वाटले नाही, तरी तिला विचारू नकोस.

तुझे बाबा